टाचणीबाईचा चोरखिसा

गल्लीत शिंपीमास्तरांच्या बायकोला कुणी नावानं ओळखत नव्हतं. टाचणीबाई कुठे राहते असं विचारलं, की लहानथोर सगळे शिंप्याच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. हे नाव पडायला कारणं दोन, आणि दोन्ही खरी. सकाळी शटर वर गेलं की तिच्या ओठांत ज्या टाचण्या जायच्या, त्या शटर खाली येईपर्यंत बाहेर निघायच्या नाहीत. आणि कधी निघाल्याच, तर त्यानंतर ती जे बोलायची तेही टोचायचंच.

मास्तर स्वभावानं मऊ. गिऱ्हाइकानं उद्या पाहिजे म्हटलं की उद्या, आज म्हटलं की आज. असा माणूस धंद्यात बुडायला वेळ लागत नाही. हे बुडले नाहीत, कारण तारखा, वायदे आणि स्वतः मास्तर, हे सगळं टाचणीबाईच्या ताब्यात होतं. दुकान बेताचंच. पुढे दोन मशीन, मधे कापायचं लांब टेबल, भिंतीला लटकणाऱ्या मापाच्या फिती, कोपऱ्यात इस्त्री आणि खिडकीशी तिचं स्टूल. मागच्या बाजूला दोन खोल्या, तिथे संसार. मास्तर कापायचे आणि जोडायचे. काज, बटणं, तुरपाई आणि ट्रायल तिच्याकडे. गिऱ्हाइकाला अर्धवट शिवलेला कोट घालून आरशापुढे उभं करायचं, मग सैल तिथे टाचणी, लांब तिथे टाचणी. दोन्ही हात कामात असताना टाचण्या ठेवायच्या कुठे? तोंडात.

आता तोंडात टाचण्या धरून बाई गप्प बसत असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही टाचणीबाईला ओळखलंच नाही. ती बोलायची! ओठ मिटलेले, जीभ आतल्या आत, आणि आवाज नाकातून. नुसतं हं हं हंहं. लग्नानंतर सुरुवातीला मास्तरांना ओ की ठो कळायचं नाही. "अगं, टाचण्या काढून बोल ना," म्हणून त्यांनी हात जोडून पाहिले. ती कसली काढते! तेच वाक्य आणखी जोरात, आणि डोळे मोठे. मग हळूहळू त्यांना सूर कळायला लागले, आणि तेही टाचण्या तोंडात धरून तसंच बोलायला लागले. वर जाणारा हं म्हणजे चालेल. ठसक्यानं खाली आपटणारे दोन म्हणजे नको. आणि एक लांबलचक होता, चढत चढत जाऊन गपकन थांबणारा. तो मास्तरांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकला. त्याचा अर्थ, "अहो, डोळे आहेत की बटणं लावलीत?"

ह्या भाषेचा खरा उपयोग गिऱ्हाइकांसमोर. एखादे जाडजूड गृहस्थ माप देताना पोट आत ओढून उभे राहायचे. टाचणीबाई हुंकारायची, "श्वास रोखलाय ह्यानं, दोन बोटं सैल सोडा." गृहस्थ विचारायचे, "बाई काय म्हणाल्या?" मास्तर म्हणायचे, "रंग तुम्हाला खुलतोय म्हणते." गृहस्थ खूश. कोट अंगाला बरोबर बसला की आणखी खूश.

तिची दुसरी एक रीत होती. कुणी विचारलं, "बाई, शुक्रवारपर्यंत मिळेल का?" तर ती टाचण्या हातात घ्यायची, पदराआड लाजावं तशी मान खाली घालायची, आणि म्हणायची, "मास्तर म्हणतील तसं." मग टाचण्या पुन्हा तोंडात, आणि मास्तरांकडे बघून दोन ठसकेबाज हं. "नाही जमणार हो," मास्तर सांगायचे. सगळ्या गल्लीला वाटायचं, मास्तरांचा घरात काय वचक आहे! मास्तरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही, आणि तिनंही नाही.

आणि तिचा एक हट्ट सांगायलाच हवा, कारण पुढे तो लागणार आहे. दुकानातून जो कोट बाहेर जाईल, त्याच्या अस्तरात, काखेच्या खाली, बाहेरून पत्ता लागणार नाही असा एक छोटा चोरखिसा ती शिवायची. कुणी मागितलेला नसायचा. "सगळेच खिसे जगाला दिसणारे असले तर माणसानं ठेवायचं काय नि कुठे?" असं तिचं म्हणणं. अस्तर लावायची वेळ आली की तिचा बारीक तीन सुरांचा हुंकार यायचाच: चोरखिसा. एकदा घाईत मास्तर विसरले. तिनं इस्त्री झालेला कोट उसवायला घेतला, आणि गिऱ्हाईक बाकावर बसून राहिलं.

वर्षं गेली. मुलगी लहानाची मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. पायाच्या मशीनला मोटर आली, आणि त्या मोटरच्या घरघरीत मास्तरांचे कान हळूहळू कामातून गेले. आधी पावसाचा आवाज गेला, मग दारावरची टकटक. टाचणीबाईचा हुंकार अर्धा कळायचा, अर्धा जायचा. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही. न कळलेल्या अर्ध्याला ते नुसतं "हो हो" म्हणायचे. बहुतेक वेळा खपून जायचं.

ती पडली त्या दिवशी दुपारी मास्तर मशीनवर एका कोटाची कॉलर बसवत होते. ती पाठीमागे कोट चढवलेल्या लाकडी पुतळ्याला टाचण्या लावत उभी. काहीतरी बोलली. एरवीसारखं तुटक नाही, लांब होतं. मशीन चालू, नजर सुईवर, मास्तर म्हणाले, "हो हो." एवढ्यात त्यांना आरशात पुतळा कलताना दिसला. वळून बघतात तो ती जमिनीवर, आणि टाचण्या चहूकडे पसरलेल्या.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात जिथून सगळ्या अंगाच्या तारा खाली जातात, नेमकी तिथेच गुठळी. समज शाबूत, आठवण शाबूत, कान शाबूत. हात, पाय, जीभ आणि ओठ मात्र ऐकेनात. उरल्या पापण्या, आणि नाकातून कधीमधी निघणारा एक बारीक आवाज, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. ज्या बाईच्या जिभेला गल्ली टरकून होती, तिच्या वाट्याला पापण्या! मास्तर दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मुलीनं नोकरीवरून रजा घेतली आणि आईच्या उशाशी येऊन राहिली.

त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई मेंदूवर काम करत होत्या. त्यांनी सांगितलं की बोलायचं मनात आलं की मेंदू ओठांना, जिभेला हुकूम सोडतो. हुकूम सुटतोय, पोचत नाही, एवढाच घोटाळा आहे. कवटीखाली तारांची एक पातळ चकती ठेवली तर तो हुकूम मधल्या मधे वाचता येतो. यंत्र त्यावरून शब्द ओळखतं, पडद्यावर लिहितं आणि मोठ्यानं बोलतं. आवाजही तिचाच देता येईल, मुलीच्या फोनमध्ये आईचे निरोप साठलेत त्यावरून. धोका काय, फायदा काय, हे त्यांनी टाचणीबाईलाच समोर बसून सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी पापणी एकदाच मिटली.

चकती बसली, टाचणीबाईला घरी मागच्या खोलीत आणलं. मागोमाग यंत्र आलं, त्याच्याबरोबर यंत्राचं बघणारे एक टक्कल पडलेले इंजिनिअर आले. मास्तर त्यांना वायरमन म्हणायचे, आणि ते बिचारे ओ द्यायचे. कित्येक आठवडे पडद्यावर शब्द उमटायचे आणि टाचणीबाई ते मनातल्या मनात तोंड उघडून म्हणायची. यंत्र शिकत गेलं. मग एके सकाळी मागच्या खोलीतून तिचा आवाज आला. तिचाच, खणखणीत. मुलीला म्हणाली, "केस बांध आधी. आणि त्या बाटलीचं झाकण कुणी उघडं टाकलंय?" मुलगी हसता हसता रडायला लागली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना पहिलंच वाक्य, "बाई, तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय." डॉक्टरीणबाईंनी कोट उलटा करून बघितला. उसवलं होतंच.

मास्तर हातातली कात्री तशीच घेऊन धावत आत आले. "अगं," ते म्हणाले. कात्रीसकट पलंगाशी बसले.

क्षणभर यंत्र थांबलं. मग तिच्याच आवाजात म्हणालं, "मी ठीक आहे. आपण काळजी करू नका. धन्यवाद."

आपण! धन्यवाद! उभ्या संसारात तिनं त्यांना धन्यवाद म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर मास्तर घाबरून डॉक्टरकडे गेले असते. त्यांना वाटलं, पहिलाच दिवस आहे, अवघडली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. "आपण जेवलात का?" "आपण विश्रांती घ्या." मुलीशी वसकन बोलणारी, डॉक्टरीणबाईंची फिरकी घेणारी, वायरमनला "टकलावर टोपी घाला, ऊन आहे" म्हणणारी ही बाई नवरा समोर आला की एखाद्या हॉटेलातल्या स्वागतिकेसारखी गोड व्हायची. मुलगी म्हणाली, "बाबा, मोठ्या दुखण्यानंतर माणूस मऊ होतो." मास्तरांना मऊ बायको नको होती. मऊपणाचं खातं घरात त्यांच्याकडे होतं.

आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. पडायच्या आधी ती काय म्हणाली? अहो, बरं वाटत नाही, असं म्हणाली का? मला धरा, म्हणाली का? आणि आपण काय म्हणालो, तर हो हो. मान वर केली नाही. मुलगी बाहेर गेलेली बघून त्यांनी एकदा धीर केला आणि पडद्यासमोर बसून विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणालीस गं?"

ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती. नाकातून बारीकसा आवाजही येत होता, पण मास्तरांच्या कानांना तो लागला नाही, आणि त्यांचे डोळे होते पडद्यावर. घरात आता सगळ्यांचेच डोळे पडद्यावर असायचे. पापण्या बघायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पडदा म्हणाला, "मला काही आठवत नाही. आपण काळजी करू नका."

इथवर ठीक. पण बापाची तगमग मुलीला दिसत होती. तिनं एक दिवस आईला तेच विचारलं, आणि मास्तर त्या वेळी दारात उभे होते. यंत्र एका दमात बोललं, "ते त्यांना सांगायचं होतं. तुला नाही."

म्हणजे आठवतंय! सगळं आठवतंय, आणि मला सांगत नाही! मास्तर तसेच मागे फिरले, दुकानात येऊन मशीनवर बसले आणि दोरा न ओवताच चालवत राहिले. त्यांना वाटलं, तिनं आपल्याला माफ केलेलं नाही. ती रागावली असती, ओरडली असती, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण तिनं त्यांना परकं केलं होतं. त्यानंतर ते आत कमी जायला लागले. ती भिंतीपलीकडे होती, मनात आलं की जाऊन कपाळावर हात ठेवता येत होता, आणि तरी मास्तरांना तिची आठवण येत होती. गेलेल्या माणसाची येते तशी.

एके दिवशी वायरमन एक पँट घेऊन दुकानात आले. नवी घेतली होती, लांब झाली. मास्तरांनी त्यांना आरशापुढे उभं केलं, खाली बसले, ओठांत टाचण्या धरल्या आणि पायाशी कापड मुडपायला लागले. काम करता करता खिडकीतल्या रिकाम्या स्टुलाकडे बघून ते हुंकारले. मग थोडं थांबले, जणू उत्तराची वाट बघतायत, आणि पुन्हा हुंकारले.

"कुणाशी बोलताय?" वायरमननी विचारलं.

मास्तर ओशाळले. टाचण्या काढून म्हणाले, "सवय हो. पँट दोन बोटं मुडपू की तीन, असं विचारत होतो. ती तिथे बसायची ना."

"असं बोलायचात? तोंड मिटून?"

"मग? टाचण्या असताना तोंड उघडलं तर गिळणार नाही का माणूस?"

"आणि त्या? त्याही तुमच्याशी असंच बोलायच्या?"

"दिवसभर," मास्तर म्हणाले. "ओठ उघडून ती माझ्याशी बोलली असेल ती आजारपणात नि भांडणात."

वायरमन आ वासून उभे राहिले. मग एका पायाला टाचण्या लावलेल्या तशाच, "आई गं, ओय, आई गं" करत मागच्या खोलीकडे धावले. मास्तर त्यांच्या मागे, "अहो, पाय टोचेल!" म्हणत.

गोष्ट साधी होती, आणि इतके दिवस कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मास्तरांच्या तर नाहीच, कारण त्यांच्या लेखी ते साधं बोलणं होतं. यंत्र ओठांना सुटलेला हुकूम वाचतं. मुलीशी, डॉक्टरांशी बोलताना टाचणीबाईचा मेंदू ओठ उघडायचा हुकूम सोडायचा. पण "अहो" मनात आलं की तो पहिला हुकूम सोडायचा तो ओठ गच्च मिटण्याचा. इतक्या वर्षांची सवय. यंत्रानं असलं बोलणं कधी शिकलेलंच नव्हतं. आणि अडलं की गप्प राहायचं सोडून, अशा वेळी माणसं साधारण काय बोलतात त्यातलं बरंसं वाक्य उचलून ते तिच्या आवाजात ठोकून द्यायचं. आणि दोघांमधलं बोलणं मुलीपुढे किंवा डॉक्टरांपुढे उघडं करणं टाचणीबाईच्या स्वभावात नव्हतं.

"पुन्हा टाचण्या घ्या तोंडात," वायरमन म्हणाले. "बोला त्यांच्याशी." आणि त्यांनी पडदा भिंतीकडे फिरवला.

मास्तर पलंगाशी बसले. काय बोलावं? रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं जे बोलायचे तेच हुंकारले. चहा झाला का? मग कान तिच्या तोंडाशी नेला.

तिच्या नाकातून आवाज आला. चिरका होता, मधे तुटत होता, पण चढत चढत गेला आणि गपकन थांबला.

डोळे आहेत की बटणं लावलीत?

मास्तरांनी खाली बघितलं. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. शिंप्याच्या सदऱ्याची! त्यांना हसू आलं, रडूही आलं, आणि एक टाचणी घशात जाता जाता राहिली. वायरमननी घाबरून त्यांच्या पाठीत धपाटे घातले. मास्तर तिचा हात कपाळाला लावून कितीतरी वेळ बसून होते. ती परकी झाली नव्हती. ती रोज त्यांना शिव्या घालत होती, आणि ते पडद्याला विचारत होते!

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. "चूक आमची," त्या सरळ म्हणाल्या. "त्याला बोलायला शिकवलं. कळलं नाही तर कळलं नाही म्हण, एवढं शिकवायचं राहिलं." त्यांनी ते करून घेतलं. आता मास्तर समोर आले की यंत्र म्हणायचं, "नीट कळलं नाही." मास्तरांना ते धन्यवादापेक्षा पुष्कळ बरं वाटायचं.

आता रोज ते टाचण्या तोंडात धरून तिच्यापाशी बसायला लागले. पण भाषा म्हणजे काय, जुनी घासलेली वाक्यं. चहा, कॉलर, गिऱ्हाईक, दोन बोटं सैल. तिनं काही नवीन म्हटलं की सूर ओळखीचा नसायचा. त्यात कान गेलेले. तिनं ओठ उघडून बोलायचा प्रयत्नही केला, वायरमनच्या सांगण्यावरून, मास्तरांकडे बघून. नाही जमलं. अहो म्हटलं की ओठ आपले मिटायचेच. ते त्या दिवसाचं वाक्य तिनं दोनतीनदा हुंकारून सांगितलं असावं, असं मास्तरांना वाटत होतं. लांब होतं, अहोनं सुरू होत होतं. पुढचं हातातून निसटायचं.

म्हणून वायरमन जेव्हा म्हणाले, "यंत्राला ही भाषाही शिकवता येईल," तेव्हा मास्तर उठून उभेच राहिले.

"तुम्ही दोघं रोज थोडा वेळ बसा," वायरमन सांगत होते. "त्या बोलतील, जे ओळखीचं आहे त्याचा अर्थ तुम्ही सांगा. त्यावरून बाकीचं यंत्र हुडकून काढेल. मग त्यांचं वाक्य न् वाक्य तुम्हाला त्यांच्या आवाजात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र तेवढा उजळलेला नव्हता. त्या खुर्ची ओढून टाचणीबाईसमोर बसल्या. "आधी माझं ऐका. यंत्र जे शिकेल ते आमच्याकडे साठणार, आम्ही बघणार, दुसऱ्या पेशंटसाठी वापरणार. आणि आणखी एक. आत्ता तुम्ही तोंड उघडून बोलायचं ठरवता, तेवढंच ते वाचतं. तोंड मिटून केलेलं बोलणं आणि मनातल्या मनातलं बोलणं, ह्यांत फार अंतर नाही. एकदा हे शिकलं की ते कुठे थांबेल, ह्याची खात्री मी आज देऊ शकत नाही. नको वाटलं तर नको म्हणा. आहे ते यंत्र कुणी काढून नेणार नाही."

यंत्रातून लगेच उत्तर आलं, स्वच्छ, "मास्तर म्हणतील तसं."

"मला तुमचं मत हवंय. पापणीनं सांगा."

पापण्या हलल्या नाहीत. तिचे डोळे मास्तरांकडे वळले आणि तिथेच राहिले.

"बरं," डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या. "एका परीनं मलाही हेच पटतं. यंत्राबद्दलचा कौल यंत्राच्याच तोंडून घ्यायला नको. तुमच्या भाषेत विचारा त्यांना, आणि काय म्हणतात ते मला सांगा. मी तेच धरीन."

मास्तरांना खोलीत एकदम उकडायला लागलं. मास्तर म्हणतील तसं! गिऱ्हाइकांसमोर म्हणायची तेच, तसंच. त्यांनी टाचण्या तोंडात घेतल्या, वाकले, विचारलं, आणि कान तिच्याजवळ नेला.

दोन हं. ठसक्यानं खाली आपटलेले. आणि मागोमाग तीन बारीक सूर, अस्तर लावायच्या वेळी यायचे ते. चोरखिसा.

मास्तर तसेच वाकून राहिले. खोलीत तीन शहाणी माणसं होती, एक त्यांची स्वतःची मुलगी, आणि त्यांतल्या एकालाही काय ऐकू आलं ते कळलेलं नव्हतं. त्यांनी नुसतं चालेल म्हणते असं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. रंग तुम्हाला खुलतोय म्हणते, असं सांगण्यात जन्म गेला होता. उद्यापासून यंत्र शिकलं असतं. काही महिन्यांत त्या दिवसाचं वाक्य त्यांना मिळालं असतं, तिच्या आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि ती काही बोलली नसती. चारचौघांत तिनं त्यांचा शब्द कधी खाली पाडला नव्हता. मास्तरांना ते वाक्य हवं होतं. जेवताना हवं होतं, सुईत दोरा ओवताना हवं होतं, त्याशिवाय दुसरं काही नको होतं.

"पुन्हा म्हण," ते हुंकारले, जणू ऐकू आलंच नाही.

तिनं पुन्हा म्हटलं, जोरात. मोठे डोळे त्यांच्या डोळ्यांत होते. रागावलेले नव्हते. ती फक्त बघत होती, हा माणूस काय करतो ते.

मास्तर सरळ झाले. टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या आणि तळहातावर ठेवल्या.

"नको म्हणते," ते म्हणाले.

"बाबा, नक्की?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला नीट ऐकू येत नाही. पुन्हा एकदा विचारा ना."

"ऐकलं मी. नको म्हणते."

"आणि नंतरचं ते बारीक काय होतं?" वायरमननी विचारलं.

"ते धंद्यातलं आहे," मास्तर म्हणाले आणि दुकानात निघून गेले. त्यांच्याच्यानं तिथे थांबवेना.

डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. उलट तिच्याच सांगण्यावरून यंत्राला एक बटण लावून घेतलं, टाचणीबाईच्या डाव्या हाताच्या बोटाखाली, कारण तेवढं एक बोट आता हलायला लागलं होतं. ते दाबलं की यंत्र बंद. मुलगी आठवड्याभरानं नोकरीवर परतली. मास्तरांनी चाकांची खुर्ची दुकानात आणायला सुरुवात केली आणि स्टूल उचलून ती खिडकीशी लावली. गिऱ्हाईक आलं की तिचं खणखणीत बोलणं सुरू व्हायचं, गिऱ्हाईक गेलं की बोट बटणावर पडायचं.

अशाच एका दुपारी मास्तर डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं अस्तर बदलत होते. मशीन चालू होतं, तोंडात टाचण्या होत्या. तीन सुरांचा हुंकार आला. "लावतोय, लावतोय," मास्तर हुंकारले, आणि काखेखाली बोटभर जागा सोडली. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी विचारलं, पुन्हा तेच. त्या दिवशी काय म्हणालीस?

ती बोलायला लागली. अहो कळलं. मग सूर खाली गेला, मग वर चढला, बराच वेळ वर राहिला. मधे कॉलरसारखं काहीतरी होतं, किंवा नसेलही. मोटरची घरघर चालली होती. शेवट फार हळू होता.

"हो हो," मास्तर हुंकारले.

पण ह्या वेळी मास्तरांनी वर बघितलं. तिचे डोळे मोठे झालेले होते, आणि त्यांत पाणी होतं.

मास्तरांनी मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. ते उठले, टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि कान अगदी तिच्या तोंडाशी नेला.

"नाही कळलं," ते म्हणाले. "त्या दिवशीही नव्हतं कळलं. पुन्हा सांग."

तिनं श्वास घेतला, आणि अहोपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.